असीरगडची शपथ आणि ख्रिस्ताचे याजकत्व

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, सातपुड्यातून दक्षिणेत उतरणारी वाट ज्याच्या नजरेखालून जाते त्या असीरगडाचे नाव आपल्याकडे निघते ते अश्वत्थाम्याच्या दंतकथेमुळे, किंवा फार तर १८१९ साली इंग्रजांनी शिंद्यांच्या किल्लेदाराकडून तो हस्तगत केला म्हणून. ख्रिस्ती धर्मविचाराशी त्याचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि १६०० साली अकबर बादशहाने या गडास वेढा घातला तेव्हा जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री, जो गोव्यास ज्यांचे शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरांचा नात्याने नातू लागत असे, आणि त्याचा साथीदार बेंतो द गोएश हे बादशाही लष्करासमवेत दक्षिणेत आले होते. गड दाद देईना, तेव्हा चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मागवण्यासाठी पत्र लिहिण्यास बादशहाने त्यांना फर्मावले. आपल्या धर्मास हे संमत नाही, असे सांगून झेवियरने नकार दिला आणि बादशहाची गैरमर्जी ओढवून घेतली. (गडाच्या आत फारुकी राजाच्या चाकरीत काही पोर्तुगीज होते, हे ध्यानात घेता या नकारात निव्वळ धर्मबुद्धीच होती असे मानण्याचे कारण नाही.)

पुढचा प्रसंग झेवियरच्या पत्रांच्या आधारे फ्रेंच जेझुइट द्यु जारिक याने सांगितला आहे. गडाचा धनी फारुकी राजा बहादूरशहा याने भेटीस खाली उतरावे, त्यास सुखरूप परत जाऊ दिले जाईल, अशी शपथ बादशहाने स्वतःच्या मस्तकाची घेऊन दिली. बहादूर शरणागतीची खूण म्हणून गळ्यात वस्त्र घालून आला, पुनःपुन्हा लवला. तेवढ्याने समाधान न होऊन एका मोगल सरदाराने त्याचे डोके धरून त्यास जमिनीवर पाडले. गड खाली करण्याचा हुकूम लिहून देण्यास तो राजी होईना, तेव्हा त्यास परत जाऊ दिले नाही. बादशहाच्या दरबारचा इतिहासकार अबुल फजल याची हकीकत निराळी आहे, आणि इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने उचलून धरलेले हे जेझुइट कथन पुढील काही अभ्यासकांस मान्य नाही. परंतु जानेवारी १६०१ मध्ये गड पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या बंदिवासात गेला, याविषयी वाद नाही.

मस्तकाची शपथ बादशहाने का घ्यावी? त्याच्याहून थोर असे साक्षीला बोलावण्याजोगे मर्त्य लोकी दुसरे कोणी नव्हते म्हणून. नेमका हाच विचार, निराळ्या अर्थाने, बायबलच्या नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ या पहिल्या शतकातील ग्रीक लेखात येतो. माणसे आपल्याहून मोठ्याची शपथ घेतात. देवाहून मोठा कोणी नसल्यामुळे अब्राहामास वचन देताना त्याने स्वतःचीच शपथ वाहिली, असे हा अज्ञात लेखक म्हणतो, आणि ख्रिस्ताचे याजकत्व तो अशाच एका शपथेवर उभे करतो. लेवीच्या वंशातले यहुदी याजक जन्माने याजक होत, त्यांच्या नेमणुकीस शपथ लागत नसे. ख्रिस्त तर यहूदाच्या वंशातला, त्यास वेदीपाशी उभे राहण्याचा वंशपरंपरागत हक्कच नव्हता. म्हणून लेखक या याजकांचा मूळपुरुष अहरोन याच्याही मागे जाऊन अब्राहामाच्या काळचा मलकीसदेक गाठतो. हा शालेमचा राजाही होता आणि देवाचा याजकही. त्याने अब्राहामापुढे भाकर व द्राक्षारस आणला, आणि त्याची वंशावळ शास्त्रात कोठेही नोंदलेली नाही. वतनावर नव्हे, तर ईश्वराच्या शब्दावर चालणारे याजकत्व ते हे. उपाध्येपण आणि वतन यांची सांगड ज्या समाजाने शतकानुशतके पाहिली, त्या मराठी समाजातील वाचकास या युक्तिवादाची धार वेगळी समजावून द्यावी लागू नये.

प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदाच, यहुदी प्रमुख याजक पशूचे रक्त घेऊन पडद्याआडच्या परमपवित्र स्थानी जाई, आणि पुढल्या वर्षी त्यास पुन्हा जावे लागे. ख्रिस्त स्वतःच याजक व स्वतःच बली होऊन एकदाच गेला, आणि देव व मनुष्य यांच्यातील नव्या कराराचा जामीन तोच राहिला. रोमन कॅथलिक परंपरेत मिस्सेच्या उपासनेत धर्मगुरू याच याजकत्वात सहभागी होतो. प्रोटेस्टंटांनी सर्व श्रद्धावंतांना याजक मानले. हा भेद लहान नाही, पण या पत्राचा आधार दोघेही घेतात.

शास्त्राच्या सामर्थ्याचा उल्लेखही या पत्रात याजकाच्या वर्णनाला लागूनच येतो, आणि माझ्या मते हे सान्निध्य सहेतुक आहे. देवाचे वचन दुधारी तलवारीहून तीक्ष्ण असून सांधे व मज्जा यांपर्यंत शिरते, त्याच्यापुढे काहीही झाकले राहत नाही, असे चौथ्या अध्यायात सांगून लेखक लगेच, आपल्या दुर्बलतेविषयी ज्यास कळवळा आहे असा प्रमुख याजक आपल्याला लाभला आहे, म्हणून निर्भयपणे पुढे या, असे म्हणतो. उघडे पाडणारे शास्त्र आणि उघड्या पडलेल्या मनुष्याची रदबदली करणारा याजक, यांतील एकाला सोडून दुसऱ्याचा विचार केला तर हाती उरते ती निव्वळ धास्ती किंवा निव्वळ सांत्वन. ग्रंथाच्या पूजेने हे साधत नाही. १५८० साली फत्तेपूर शिक्रीस अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल नजर झाले, तेव्हा अकबराने एकेका खंडाचे चुंबन घेऊन तो मस्तकी धरला होता. त्याच मस्तकाची शपथ पुढे असीरगडाखाली वाहिली गेली.

असीरगड पडल्यानंतर १६०२ साली झेवियरने ‘मिरात-उल-कुद्स’ हे ख्रिस्ताचे फारसी चरित्र बादशहास सादर केले; इकडे गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठी ओव्यांत छापले गेले. खानदेश व दक्षिण जिंकल्याचा लेख अकबराने शिक्रीच्या बुलंद दरवाजावर कोरविला, त्यात जग हा पूल आहे, त्यावर घर बांधू नये, अशा आशयाचे वचन येशूच्या नावावर घातलेले आहे. ते चारही शुभवर्तमानांत सापडत नाही, आणि त्यातला येशू उपदेशक आहे, याजक नव्हे.