सेवाग्रामची प्रार्थनाभूमि

वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या प्रार्थनेंत बौद्ध मंत्र, उपनिषद, कुराण व पारशी प्रार्थना यांना सारखेंच स्थान आहे. अशा ठिकाणीं राहून ख्रिस्ती मनुष्याचा स्वधर्म टिकेल काय, अशी शंका कित्येकांस येते. मार्जरी साइक्स या विदुषी इंग्लंडहून १९२८ सालीं मद्रासेस अध्यापनार्थ आल्या. १९४९ पासून सेवाग्रामीं नयी तालीमचें कार्य करूं लागल्या. त्या क्वेकर पंथाच्या. या पंथाच्या मूळ रीतींत पुरोहित नाहीं, ठराविक प्रार्थना नाहीं. मंडळी निःशब्द बसते व ज्यास अंतःप्रेरणा होईल तोच बोलतो. सेवाग्रामींही छप्पर नाहीं, मूर्ति नाहीं, आणि मंत्रांच्या मध्यें सर्वजण कांहीं क्षण मौन धरतात. निदान तें मौन तरी बाईंना परकें नव्हतें! त्या १९९५ मध्यें निवर्तल्या, त्या क्वेकर म्हणूनच.