मोझेलकाठची सावकाश वाट

जर्मनीतील त्रियर हे रोमनांच्या अमलात वैभवास चढलेले शहर सोडून कोब्लेंत्सकडे निघालेल्या प्रवाशास महामार्ग सोयीचा खरा. परंतु द्राक्षभूमी पाहण्यासाठी जो स्वतः मोटार हाकीत आला आहे, त्याने मोझेल नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ताच पत्करावा, आणि तोही सावकाश.

कारण या मुलखाचे सारे मर्म नदीच्या वळणांत आहे. ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासच्या या थंड प्रदेशात द्राक्ष पिकावे, हेच मुळी नवल! नाशिकचा बागाइतदार उन्हाच्या झळांपासून घड जपतो. येथला द्राक्षकरी ऊन मिळेल तेथून गोळा करतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरच प्रायः मळे, तर समोरच्या सावलीच्या अंगास रान. आणि नदी वळली, की मळ्यांनीही काठ बदललेला. वेगाने जाणाऱ्यास ही अदलाबदल उमगत नाही.

उतारावर पाटीच्या काळसर दगडाचा चुरा पसरलेला असतो. उन्हाळ्यात सूर्य कलल्यावर त्यावर तळहात ठेवावा. दिवसभराची ऊब दगडाने अजून धरून ठेवलेली असते, आणि तीच रात्री वेलीस मिळते. प्रत्येक वेलीस स्वतंत्र खांब, आणि तिच्या दोन फांद्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधण्याची येथली जुनी रीत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटचा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांच्या आसपास आहे. तेथे यंत्राची मात्रा फारशी चालत नाही, एकरुळी गाडीने माणूस वर जातो आणि घड हातानेच खुडतो. एवढे श्रम ज्या पेयात उतरले, त्याचे मोल केवळ किमतीवरून ठरविणे मला अन्यायाचे वाटते.

त्रियरचे धर्माधिपती राजे क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी १७८७ मध्ये फर्मान काढून हलक्या जातीच्या वेली उपटून सात वर्षांत उत्तम वेली लावण्याचा हुकूम रयतेस केला, आणि कालांतराने रीसलिंग जातीचा येथे अंमल बसला. तिच्या वाइनमध्ये आंबटपणा ठसठशीत असतो, आणि त्यामुळेच तिची गोडी चिकट होत नाही.

दाराशी डहाळ्यांचा झुबका किंवा केरसुणी टांगलेली दिसली, की तेथे मळेवाला आपल्याच घरची वाइन पाजतो असे समजावे. अशी घरगुती पानगृहे वर्षातून फार तर चार महिने उघडी असतात. मोटार चालविणाऱ्याने मात्र तेथे चव घेऊन घोट थुंकून टाकावा, त्यात कोणासही अपमान वाटत नाही. किंवा अनेक मळेवाले घरीच खोल्या देतात, तेथे मुक्काम ठरवून, मोटारीची किल्ली खोलीत ठेवून, मगच पेला हाती घ्यावा.