वॉर्ड क्रमांक चारचा अधिकार

७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला. बहुतेकांच्या लक्षात राहिला तो त्यातला दयामरणाचा भाग. पण त्याच निकालात आणखी एक प्रश्न सुटला, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. स्वतः बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने बोलायचं कोणी? पत्रकार पिंकी विराणी अरुणाच्या वादमित्र म्हणून न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने त्यांच्या तळमळीचा आदर केला, पण तिच्या वतीने बोलण्याचा हक्क परळच्या केईएम रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा मानला. तिथल्या वॉर्ड क्रमांक चारमध्ये सदतीस वर्षं अरुणाला भरवणारे, स्वच्छ ठेवणारे हात त्यांचे होते. आणि ती जगावी, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही, याची नोंद निकालपत्रात आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल त्यांना या नोंदीचं वजन कळेल. दिवसरात्र ठरलेल्या वेळी कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, कातडी कुठे लाल झाली का ते पाहायचं आणि ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला सांगून जायचं. अरुणाला हसताबोलताना कधीच न पाहिलेल्या मुलींनीही पुढे हे काम आपलं मानलं.

मात्र याला नुसता सेवाभाव म्हणून हात जोडले, की या बायकांनी घेतलेली भूमिका झाकली जाते. अरुणा केईएममध्येच परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेलेल्या अरुणावर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला करून लैंगिक अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाला न्याय आणि आम्हाला कामावर सुरक्षितता, ही त्यांची मागणी होती. कामाच्या ठिकाणी स्त्रियांची सुरक्षितता हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाने कायद्याच्या चौकटीत आणला तो १९९७ मध्ये. परिचारिकांनी तो चोवीस वर्षं आधी मांडला होता. हल्लेखोरावर मात्र बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला.

ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला केईएममधून हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिका पुन्हा आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली, ती केईएममध्येच. तिच्या प्रकरणातून सुरू झालेला विचार पुढे २०१८ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत पोचला. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क आपल्याला त्यातून मिळाला. बलात्कारामुळे स्त्री कायमची अचेतन झाल्यास किमान वीस वर्षांची शिक्षा, ही तरतूद २०१३ मध्ये आली. तिच्यामागे दिल्लीतलं २०१२ चं सामूहिक बलात्काराचं प्रकरण होतं. पण ते कलम वाचताना मराठी माणसाला अरुणाच आठवते.

पगाराच्या प्रश्नावरही परिचारिकांना न्यायालयातच जावं लागलं. १९०८ पासून चालत आलेल्या ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने खासगी रुग्णालयांतल्या पिळवणुकीविरुद्ध याचिका केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तज्ज्ञ समिती नेमली गेली. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान वीस हजार रुपये आणि दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार, अशी तिची शिफारस होती. पण आरोग्य हा राज्यांचा विषय! दिल्लीतल्या शिफारशीला जोर यायचा तर प्रत्येक राज्याने आपला आदेश काढायला हवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. सुनावणीत सरन्यायाधीशांनी अरुणाचं नाव घेतलं. आरोग्यसेवकांच्या सुरक्षिततेसाठी न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्यात नामवंत डॉक्टर होते, वरिष्ठ सचिव होते. एकही परिचारिका नव्हती. रात्रपाळीला वॉर्डात कायम हजर असते ती सिस्टर. जिन्यातला कोणता दिवा बंद आहे, कोणत्या दाराला कडी नाही, नातेवाइकांचा जमाव चढून आला तर मागे सरकायला जागा कुठे आहे, हे तिला ठाऊक असतं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अधिसेविका आहेत, नर्सिंग महाविद्यालयांत प्राचार्या आहेत. त्यांच्यापैकी दोघींना तरी त्या यादीत जागा हवी होती.