रोज एक मेणबत्ती

मुलांना धीर शिकविता येतो काय? आम्हां शिक्षकांपुढे हा प्रश्न नेहमीच असतो.

जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न या ख्रिस्ती धर्मसेवकांनी १८३३ साली निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. नाताळ जवळ आला की मुले रोज विचारीत, 'अजून किती दिवस?' तेव्हा १८३९ साली विखर्न यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या. चार रविवारांच्या मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. प्रार्थनेच्या वेळी रोज एक वाढे आणि नाताळापर्यंत सारे चाक उजळून निघे. ज्या मुलांना उद्याचा भरवसा नव्हता, त्यांना उद्याचा दिवस डोळ्यांनी दिसू लागला.

नाताळापूर्वीच्या या आठवड्यांना ख्रिस्ती लोक आगमनकाळ म्हणतात. वाट पाहणे हीच त्या काळातील साधना. चार मेणबत्त्यांचे तसे चक्र आज जर्मनीत घरोघरी दिसते.

आपली मुलेही गणेशचतुर्थीची अशीच वाट पाहतात. त्यांना नुसते 'गप्प बसा' म्हणू नये. एके दिवशी देवघर पुसावे, दुसऱ्या दिवशी आरतीचे एक कडवे पाठ करावे. धीर म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. रोज थोडे करीत वाट पाहणे होय.