भर दुपारी पाणी घातले तर पाने भाजतात का?

वैशाखात पुण्यातल्या कोणत्याही बागेत दुपारी नळी घेऊन उभे राहा. कोणी ना कोणी हटकतेच : "अहो, आता पाणी नका घालू, पाने भाजतील!" कारणही तयार असते. पानावरचा थेंब म्हणजे भिंग. ते सूर्यकिरण एकवटते आणि पान जाळते. भिंगाने कागद जाळण्याचा उद्योग आपण सर्वांनीच केलेला असल्यामुळे हे चटकन पटते.

आता थोडे गणित करू. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. संपूर्ण गोल थेंबावर सूर्यकिरण पडले, तर त्यांची नाभी थेंबाच्या केंद्रापासून दोन त्रिज्या अंतरावर, म्हणजे थेंबाच्या खालच्या टोकापासून एक त्रिज्या पलीकडे येते. पान तर थेंबाला चिकटलेले! किरण एकवटण्याआधीच पानावर पोहोचतात. शिवाय पानावर थेंब पसरतो, त्याची वक्रता कमी होते आणि नाभी आणखी दूर जाते. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच आढळले. गुळगुळीत पानांवर पाण्याच्या थेंबांनी डाग पडले नाहीत. काचेच्या गोळ्यांनी मात्र पडले. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे नाभी अर्ध्या त्रिज्येवरच येते. दाट लव असलेली काही पाने थेंबाला अधांतरी धरतात. तेथे मात्र भाजण्याचा संभव राहतो.

साधी पारदर्शक गोटी उन्हात पांढऱ्या कागदावर धरून हळूहळू वर उचला आणि प्रकाशाचा ठिपका सर्वांत लहान केव्हा होतो ते पाहा. प्रयोग शिक्षकांसमोर करा, जवळ पाणी ठेवा, आणि गोटीतून सूर्याकडे मुळीच पाहू नका.

मग मे महिन्यात पाने करपतात ती कशाने? बहुधा तहानेने. पान स्वतःला थंड ठेवते ते पर्णरंध्रांतून वाफ सोडून. ३० अंश सेल्सिअसला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी शोषल्या जातात. हिरवळीच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला ५ लिटर पाणी उडते असे धरा. हिशेब होतो २९ लाख कॅलरी! एक किलोवॉटची शेगडी तीन तासांहून अधिक पेटती ठेवावी, इतकी ही उष्णता. पाणी कमी पडले की रंध्रे मिटतात, हे शीतयंत्र बंद पडते आणि पान तापते. शिरांच्या टोकाला असलेली कड आधी वाळते. म्हणून कुंडीतले रोप दुपारी मलूल दिसले, तर माती बोटभर उकरून पाहावी. ती कोरडी असेल तर संध्याकाळची वाट पाहू नये; सावलीत नेऊन बुडाशी पाणी द्यावे. पानांवर शिंपडायचे नाही, ते वेगळ्या कारणासाठी. बोअरचे पाणी खारे असेल तर थेंब वाळून मागे क्षार उरतात व ते पानाला बाधतात.

दुपारचे पाणी वाया जाते हे मात्र खरे. कोरड्या वाऱ्यात त्यातले पुष्कळ मुळांपर्यंत पोहोचतच नाही. पहाटेची वेळ उत्तम.

जमिनीचे काय? एप्रिल २०१९ च्या अखेरीस शिवाजीनगर वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला होता. १८९७ सालचा उच्चांक ४३.३ अंशांचा आहे. पण हे झाले सावलीतले, हवेचे तापमान. उघडी काळी माती ६० अंशांच्याही वर तापते. पुण्यात १९३२ साली कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी येथल्या काळ्या मातीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला. पांढरा रंग किरण परतवतो, त्यामुळे माती पुष्कळ थंड राहिली. घरच्या बागेत खडूची गरज नाही. पालापाचोळ्याचा चार बोटे थर ऊन अडवतो आणि बाष्पीभवनही रोखतो. तो झाडून जाळणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.

राहिली हिरवळ. दहा मीटर लांब-रुंद हिरवळीला वरच्या हिशेबाने रोज ५०० लिटर पाणी लागेल. एवढ्या पाण्यात चौघांच्या कुटुंबाचा दिवस निघतो. खडकवासल्याचे पाणी जपून वापरण्याच्या दिवसांत ते गवताला देणे मला पटत नाही. उन्हाळ्यात गवत फार खुरटे कापू नये; उंच पात्यांची सावली मातीवर पडते. आणि हरळी असेल तर ती पिवळी पडू द्यावी. तिची खोडे जमिनीखाली जिवंत असतात, आणि मृगाच्या चांगल्या दोन-तीन सरी झाल्या की त्यांतून नवे कोंब वर येतात.