सगळ्यांनाच जकात माफ

ईस्ट इंडिया कंपनीला मोकळा व्यापार हवा होता, इथले नवाब आडवे आले आणि म्हणून लढाया झाल्या, असं अजूनही सांगितलं जातं. बंगालचा नवाब मीर कासीम याने मार्च १७६३ मध्ये जे केलं त्यापुढे हे म्हणणं टिकत नाही. त्याने दोन वर्षांसाठी सगळ्यांचीच जकात उठवली. इंग्रज असो की गावोगाव मीठ विकणारा बंगाली, नाक्यावर कुणालाच काही द्यायचं नव्हतं. व्यापार याहून मोकळा होत नाही. तरी कंपनीच्या कलकत्त्याच्या कौन्सिलने हट्ट धरला, की बाकीच्यांची जकात पुन्हा सुरू करा.

हे भांडण मुळात दस्तकाचं. १७१७ मध्ये बादशाह फर्रुखसियरने वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात कंपनीला बंगालमध्ये जकात माफ केली. दस्तक म्हणजे कंपनीच्या मालाबरोबर जाणारा परवाना. तिचे नोकर मात्र त्याच कागदावर स्वतःचा खासगी धंदा करू लागले, तोही मीठ, सुपारी, तंबाखू अशा इथल्या इथे खपणाऱ्या मालाचा. प्लासीच्या लढाईनंतर त्यांना अडवणारं कुणी उरलं नाही. एकाच घाटावरून सारख्याच मिठाच्या दोन होड्या निघाव्यात, दस्तकाची होडी सरळ पुढे जावी आणि दुसरीने जकात भरावी, मग बाजारात दुसऱ्याचा निभाव लागणार कसा? नवाबाने १७६२ मध्ये गव्हर्नर व्हॅन्सिटार्टकडे तक्रार केली, की इंग्रजांचे गुमास्ते रयतेचा माल पाव किमतीत उचलतात आणि रुपयाची वस्तू पाच रुपयांना गळ्यात मारतात. व्हॅन्सिटार्ट मुंगेरला जाऊन नऊ टक्के जकात कबूल करून आला. देशी व्यापारी याहून जास्त भरत होते, तरी कौन्सिलने तडजोड फेटाळली. फक्त मिठावर अडीच टक्के देऊ, म्हणाले. तेव्हा नवाबाने नाकेच मोकळे केले. कौन्सिलमध्ये त्याचा हक्क मानणारे दोघेच होते, व्हॅन्सिटार्ट आणि वॉरन हेस्टिंग्ज.

रागाच्या भरात त्याने स्वतःचाच खजिना बुडवला, असा आक्षेप घेता येईल. पण तो झरा आधीच आटत चालला होता. देशी व्यापारीही पैसे मोजून दस्तकं मिळवत होते. मीर कासीम कंपनीच्याच हातून गादीवर आला, त्यासाठी १७६० मध्ये बर्दवान, मिदनापूर आणि चितगाव देऊन बसला, हेही खरं. ऑक्टोबर १७६३ मध्ये पाटण्यात त्याने इंग्रज कैद्यांची जी कत्तल करवली, तिला कुठलीच सबब चालणार नाही. मात्र लढाईचं कारण म्हणून ती कत्तल पुढे करणं म्हणजे तारखा उलट्या लावणं आहे. कंपनीच्या पाटण्याच्या वखारीचा प्रमुख एलिस याने जूनमध्येच त्या शहरावर हल्ला केला होता. जुलैत, लढाई संपायच्या आतच, कंपनीने आधीचा नवाब मीर जाफर याला पुन्हा गादीवर बसवलं आणि त्याच्याकडून करार लिहून घेतला: इंग्रजांना मिठावर अडीच टक्के, बाकी सगळं माफ, आणि इतर व्यापाऱ्यांवर जकात पूर्ववत.