जर्मन नागरिकत्व आणि वास्तव्याची अट : कोणती वर्षे मोजली जातात?

प्रास्ताविक :

परदेशी व्यक्तीने एखाद्या देशाचे नागरिकत्व मागितले की ती तेथे किती वर्षे राहिली, हा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. युरोपातील राज्यकर्ते आणि वृत्तपत्रे यांची चर्चाही बहुधा याच आकड्याभोवती फिरत असते. फ्रान्समध्ये सर्वसाधारण अट ५ वर्षांची आहे. इटलीत युरोपीय संघाबाहेरील व्यक्तींसाठी ती १० वर्षांची असून ती निम्म्यावर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये घेतलेले सार्वमत पुरेशा मतदानाअभावी निष्फळ ठरले. स्पेनमध्येही सामान्य अट १० वर्षांची आहे. मात्र लॅटिन अमेरिकेतील देश, फिलिपिन्स, पोर्तुगाल अशा काही देशांच्या नागरिकांना २ वर्षे पुरतात. साम्राज्य गेले तरी त्याची नातीगोती कायद्यात कशी टिकून राहतात, याचा हा नमुनाच होय. युरोप परिषदेच्या १९९७ च्या राष्ट्रीयत्वविषयक करारानुसार सदस्य देशांनी नागरिकत्वासाठी १० वर्षांपेक्षा अधिक वास्तव्य मागू नये, असे ठरलेले आहे.

तथापि केवळ आकडा पाहून या अटीचे स्वरूप कळत नाही. वास्तव्य म्हणजे नुसते राहणे नव्हे. राज्यसंस्थेने 'राहणे' म्हणून मान्य केलेले राहणे होय. कोणती वर्षे मोजावयाची आणि कोणती सोडून द्यावयाची, हे ठरविण्यातच पाहुणा कोण आणि घरचा कोण याचा निवाडा दडलेला असतो. जर्मनीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्यातून, उच्च शिक्षण व नोकरीसाठी जर्मनीस जाणाऱ्यांची संख्या लक्षात घेता हा विषय आपल्या महाविद्यालयीन वर्तुळासही सर्वस्वी परका नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जर्मन कायद्यात वास्तव्याची गणना प्रथम आली ती नागरिकत्व गमावण्याच्या संदर्भात, ही बाब आज अनेकांना आश्चर्याची वाटेल. १८७० च्या कायद्यान्वये जो जर्मन सलग १० वर्षे परदेशात राहील आणि तेथील जर्मन वकिलातीच्या नोंदवहीत आपले नाव घालणार नाही, त्याचे नागरिकत्व संपुष्टात येत असे. अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या असंख्य जर्मनांना या तरतुदीचा फटका बसला. २२ जुलै १९१३ च्या कायद्याने ही तरतूद रद्द केली व नागरिकत्व वंशपरंपरेशी घट्ट बांधले. जर्मन पित्याचे अपत्य पिढ्यान्‌पिढ्या परदेशात राहिले तरी जर्मनच. याउलट जर्मनीत जन्मून तेथेच वाढलेले परकीय अपत्य मात्र परकीयच. परकीयास नागरिकत्व देणे हा सर्वस्वी शासनाच्या मर्जीचा प्रश्न राहिला. अर्जदाराने तेथे स्थायिक झालेले असावे एवढे कायदा म्हणत होता; किती वर्षे, याचा उल्लेख त्यात नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीच्या उद्योगधंद्यांना मनुष्यबळाची तीव्र टंचाई जाणवू लागली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी कामगारभरतीचे करार झाले. या कामगारांना 'गास्टआर्बायटर' म्हणजे पाहुणे कामगार असे नाव मिळाले आणि त्या नावातच धोरण स्पष्ट होते : यावे, काम करावे व परत जावे. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या पार्श्वभूमीवर ही भरती थांबविण्यात आली. परिणाम मात्र अपेक्षेच्या उलट झाला. एकदा गेल्यास पुन्हा प्रवेश मिळणार नाही या धास्तीने अनेक कामगार तेथेच राहिले आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. १९७७ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही, असे निःसंदिग्धपणे नमूद करण्यात आले. सामान्यतः १० वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज विचारात घ्यावा असे त्यात सुचविले असले, तरी हक्क म्हणून काहीच मागता येत नव्हते.

हक्काची भाषा आली ती १९९० च्या दशकात. १ जानेवारी १९९१ पासून लागू झालेल्या परकीय नागरिक कायद्यात प्रौढांसाठी १५ वर्षांची, तर १६ ते २३ वयोगटातील तरुणांसाठी ८ वर्षांची अट घालण्यात आली. १९९३ मध्ये या सवलतीस कायदेशीर हक्काचे स्वरूप मिळाले. पुढे १ जानेवारी २००० पासून प्रौढांसाठीही ८ वर्षे हा नियम झाला आणि परकीय मातापित्यांच्या, जर्मनीत जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. वंशावर उभ्या असलेल्या कायद्यात वास्तव्याला स्थान मिळाले ते येथे. आकडेवारीपेक्षा हा बदल अधिक मूलगामी होता, असे म्हणावे लागते.

भारतीय संगणकतज्ज्ञांचे उदाहरण :

८ वर्षांची अट लागू झाली त्याच वर्षी, म्हणजे ऑगस्ट २००० मध्ये, जर्मन शासनाने परदेशी संगणकतज्ज्ञांसाठी 'ग्रीन कार्ड' योजना सुरू केली. अमेरिकेतील नावाशी साधर्म्य असले तरी दोहोंत महदंतर होते. अमेरिकी ग्रीन कार्ड कायम वास्तव्याचा परवाना देते. जर्मन योजनेत वास्तव्याची कमाल मर्यादा ५ वर्षांची होती. नागरिकत्वाला ८ वर्षे आणि परवाना ५ वर्षांचा, हा हिशेब कोणासही करता येण्याजोगा आहे. या योजनेखाली आलेल्यांमध्ये भारतीयांचा गट सर्वांत मोठा होता. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या त्या वर्षीच्या निवडणुकीत भारतीयांपेक्षा आपली मुले बरी, अशा आशयाचा प्रचारही झाला. १ जानेवारी २००५ पासूनच्या नव्या वास्तव्य कायद्याने मुदत वाढविण्याचा मार्ग खुला केला. परंतु तोपर्यंत अनेकांनी अन्य देशांची वाट धरली होती. 'पाहुणा' ही कल्पना कारखान्यातून संगणकाच्या कक्षात आली, एवढाच काय तो फरक.

सद्यःस्थिती :

२७ जून २०२४ पासून अमलात आलेल्या सुधारणेने वास्तव्याची अट ८ वर्षांवरून ५ वर्षांवर आणली आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची सक्ती काढून टाकली. भाषा, शिक्षण वा सामाजिक कार्य यांत विशेष प्रावीण्य दाखविणाऱ्यांना ३ वर्षांतच नागरिकत्व मिळण्याची तरतूदही तीत होती. नव्या शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ही ३ वर्षांची तरतूद रद्द केली. तिच्यावर मोठा वादंग माजला. वस्तुतः तिचा लाभ घेणाऱ्यांची संख्या एकूणात अल्पच होती.

आता 'कोणती वर्षे' या मूळ प्रश्नाकडे वळू. कायदा 'वैध व नित्याचे वास्तव्य' मागतो. यांपैकी 'नित्याचे' हा भाग तुलनेने सोपा आहे. सहा महिन्यांपर्यंत परदेशी राहिल्याने वास्तव्य खंडित होत नाही. परवान्याचे नूतनीकरण वेळेत न केल्यामुळे मध्ये काही दिवसांची फट पडली असेल, तर तीही दुर्लक्षिली जाते.

खरी अडचण 'वैध' या शब्दात आहे. आश्रय मागणाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला, पण मायदेशातील परिस्थितीमुळे किंवा कागदपत्रांअभावी त्याला परत पाठविता येत नाही, अशा वेळी त्याला 'डुल्डुंग' नावाचा कागद मिळतो. या शब्दाचा अर्थ सहन करणे. हा वास्तव्याचा परवाना नव्हे. हद्दपारी तूर्त स्थगित केल्याची ती नोंद होय. अशी व्यक्ती १० वर्षे तेथे राहिली, मुले तेथील शाळेत शिकली, तरी नागरिकत्वाच्या हिशेबात त्या काळाचे मूल्य शून्य. उलट ज्याचा आश्रय अर्ज मंजूर होतो, त्याचा निर्णयाच्या प्रतीक्षेतील काळही जमेस धरला जातो. २०२४ मध्ये जर्मनीने सुमारे २ लाख ९२ हजार व्यक्तींना नागरिकत्व दिले व त्यांत सीरियन सर्वाधिक होते, यामागे हेही एक कारण आहे. २०१५ च्या सुमारास आलेल्या सीरियनांपैकी बहुसंख्यांना लवकर संरक्षण मिळाले, त्यामुळे त्यांच्या वास्तव्याचे घड्याळ जवळजवळ पहिल्या दिवसापासून चालू राहिले. एकाच काळात सीमा ओलांडून आलेल्या, पण डुल्डुंगवर राहिलेल्या अन्य देशीयांचे घड्याळ मात्र बंदच होते.

याखेरीज अर्जाच्या वेळी हाती कोणता परवाना आहे, हेही पाहिले जाते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकून पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी घेऊ. त्याची शिक्षणाची २ वर्षे ५ वर्षांच्या हिशेबात धरली जातात. परंतु विद्यार्थी परवाना हाती असताना नागरिकत्वाचा हक्क सांगता येत नाही. त्यासाठी कायम वास्तव्याचा परवाना, उच्चशिक्षितांसाठीचे 'ब्ल्यू कार्ड' किंवा तत्सम परवाना असावा लागतो. नोकरी लागून परवाना बदलला की मागील वर्षे जिवंत होतात. पीएच.डी.सह ६ वर्षे विद्यार्थी म्हणूनच राहिलेल्याला वर्षे पुरतात, परवाना पुरत नाही. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट.

तिसरी अट उदरनिर्वाहाची आहे आणि माझ्या मते २०२४ च्या सुधारणेचे खरे मूल्यमापन येथे व्हावयास हवे. पूर्वी स्वतःचा दोष नसताना शासकीय साहाय्य घ्यावे लागणाऱ्यांना सूट होती. नव्या कायद्याने ही सर्वसाधारण सूट काढली. आता ती पाहुण्या कामगारांची जुनी पिढी, मागील २४ महिन्यांपैकी २० महिने पूर्णवेळ काम केलेले लोक आणि त्यांचे कुटुंबीय अशा मोजक्या गटांपुरतीच उरली. लहान मुलाला एकटीने वाढविणारी आई, आजारी आप्तांची शुश्रूषा करणारी व्यक्ती, अपंग व्यक्ती यांचा हक्क गेला. शासनाच्या मर्जीचा जुना मार्ग तेवढा राहिला. वर्षे ८ ची ५ झाली म्हणून कायदा उदार झाला, असे सरसकट म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

पाहुण्या कामगारांच्या त्या पिढीसाठी एक सवलत मात्र आवर्जून नोंदवावी अशी आहे. ३० जून १९७४ पूर्वी पश्चिम जर्मनीत आलेल्या कामगारांना लेखी भाषापरीक्षा व नागरिकत्व चाचणी यांतून मुक्त करण्यात आले असून बोलण्यापुरती जर्मन आली तरी पुरते. ज्या काळात त्यांना भाषा शिकविण्याची कोणासच निकड वाटली नव्हती, त्या काळाची ही कबुली होय. ती पन्नास वर्षांनी आली.

भारतीय अर्जदारापुढील प्रश्न :

जर्मनीने दुहेरी नागरिकत्व मान्य केले असले तरी भारताने केलेले नाही. भारतीय नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ अन्वये स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर ओ.सी.आय. म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करता येते. परंतु तीत मतदानाचा हक्क नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने येणारी जमीन मिळू शकते, पण शेजारचा तुकडा विकत घेऊन तो सातबाऱ्यावर चढविता येत नाही. अनेक मराठी कुटुंबांत ५ वर्षे पूर्ण होऊनही अर्जाचा निर्णय लांबणीवर पडतो, त्यात या विचाराचा वाटा असणे स्वाभाविक आहे. वास्तव्याच्या अटीबाबत आपला कायदा जर्मनीहून कडक आहे, हेही येथे नमूद करावयास हवे. अर्जापूर्वीचे सलग १ वर्ष आणि त्याआधीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षे, ही भारताची सर्वसाधारण अट होय. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्या ठराविक धर्मसमुदायांसाठी या ११ वर्षांची ५ वर्षे झाली.

जर्मनीत मुलांच्या बाबतीत ही गणना पालकांच्या वर्षांवरून होते. माता वा पिता यांपैकी एकाचे ५ वर्षांचे वैध वास्तव्य व कायम परवाना, या दोन्ही गोष्टी जन्माच्या दिवशी पूर्ण असतील तर मूल जन्मतः जर्मन ठरते. त्यामुळे पालकांच्या चौथ्या वर्षी जन्मलेली थोरली मुलगी भारतीय पारपत्रावर आणि सहाव्या वर्षी जन्मलेला धाकटा मुलगा जर्मन पारपत्रावर, असे चित्र एकाच घरात दिसू शकते. दोघे एकाच शाळेत जातात, एकाच उच्चाराने जर्मन बोलतात. थोरलीला मात्र आपल्या अर्जाची वाट पाहावी लागते.